आजोबांच्या भुवया

आजोबा अकरा वर्षांचे होते. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत पोचणारा जांभळा कोट, उजव्या कानात कापसाचा बोळा आणि पोटात लांडगा. नावच मुळी अमारुक, म्हणजे लांडगा. मग पोटातल्याला दोष तरी काय द्यायचा?

"आधी काय खायचं?" मॉलच्या काचेच्या दारातून आत शिरता शिरता मिआलीने विचारलं.

"आधी सगळं," आजोबा म्हणाले. "मग उरलेलं."

मिआली वीस वर्षांची आणि अमारुक तिची सख्खी धाकटी बहीण. पण ज्या शरदात त्यांच्या आईचे वडील गेले, त्याच्या पाठोपाठच्या हिवाळ्यात ही जन्मली आणि त्यांचं नाव हिच्याकडे आलं. तिकडे वर, बर्फाळ उत्तरेतल्या रँकिन गावात, नाव आलं की माणूस आला. म्हणून आई आपल्या या लेकीला 'बाबा' म्हणते आणि मिआली 'आजोबा'. गावात त्याचं कुणाला नवल नाही. फक्त एकदा दक्षिणेकडून आलेल्या नव्या बाईंना मिआलीने शाळेत सांगितलं होतं, "उशीर झाला बाई, आजोबांच्या वेण्या घालत होते." तेव्हा बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या होत्या.

दोघी दक्षिणेला, विनिपेग शहरात आल्या होत्या त्या अमारुकच्या कानासाठी. लहानपणापासून वाहणारा तो कान डॉक्टरांनी आतून ठिगळ लावून बंद केला. आईच्या कडेवर तान्हं, म्हणून सोबतीला मिआली. आज सकाळी डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि विमानात बसायची परवानगी दिली. उद्या घरी.

आणि इथेच मिआलीचं घोडं अडलं होतं. कानाला टाके घालून अमारुक झोपून असायची, त्या दिवसांत मिआली शेजारच्या गल्लीतल्या बेकरीच्या शाळेत नुसती डोकवायला म्हणून गेली होती. पाव, केक, गोडाचे नाना प्रकार तिथे वर्षभर शिकवतात. डोकावता डोकावता तिने परीक्षाही दिली आणि ती चक्क पास झाली. वसंतात वर्ग सुरू होणार होता. येतेस की नाही, ते उद्यापर्यंत कळवायचं होतं.

सकाळी तिने आईला फोन केला होता.

"मला काय विचारतेस?" आई म्हणाली. मागे तान्हं टाहो फोडत होतं. "तुला वाढवलं कुणी? माझ्या बाबांनी. जाताना काय म्हणाले होते? मिआलीला लांब जायचं असेल तर आधी मला विचारू दे. मग विचार की! शेजारीच बसलेत ना?"

"आई, ती नाकात बोट घालतेय."

"म्हणून काय झालं? माझे बाबाही घालायचे."

आई हसत नव्हती. हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मिआलीलाही ते ठाऊक होतं. तिची भीती वेगळीच होती. पहिले आजोबा आठ वर्षांचे असताना गावाच्या खाडीत जहाज आलं होतं. ज्यांच्या छातीत क्षयाचा खोकला होता त्यांना त्याने उचलून दक्षिणेला नेलं. आजोबा इस्पितळात तीन हिवाळे राहिले. परत आले तेव्हा त्यांची आई काय बोलते ते त्यांना कळेना, आणि ते काय बोलतात ते आईला. पुढे बोली परत आली, बायको आली, कुत्री आली, नातवंडं आली. पण म्हातारपणीही चहा ढवळता ढवळता ते म्हणत, "दक्षिणेला गेलेला माणूस अर्धाच परत येतो."

तेव्हा आजोबांचं उत्तर काय असणार, हे काय मिआलीला कळत नव्हतं? म्हणून तिने बेत आखला होता. आधी खाऊ घालायचं. घरी जे मिळत नाही ते सगळं. भरल्या पोटी लांडगासुद्धा कान पाडतो.

पहिलं दुकान काडीवरच्या तळणीचं. काडीला टोचलेलं चीज, त्यावर पीठ, पिठावर बटाट्याचे चौकोनी तुकडे चिकटवलेले. असलं काही दोघींनी जन्मात पाहिलं नव्हतं. टोपीवाल्या पोराने ते खमंग तळून काढलं आणि विचारलं, "वरून साखर घालू?"

अमारुकने भुवया उचलल्या.

पोरगा चमचा धरून थांबला. "साखर? घालू?"

अमारुकने भुवया आणखी वर नेल्या, पार केसांना टेकेपर्यंत.

पोराची नजर कापसाच्या बोळ्यावर गेली. तो हळूच मिआलीला म्हणाला, "हिला ऐकू येतं ना?"

"येतं की. तिने केव्हाच हो म्हटलंय."

"कधी?"

"दोनदा."

तिकडे 'हो' भुवयांत राहतो आणि 'नाही' नाकाच्या शेंड्यावर. भुवया वर गेल्या की हो, नाक चुरगळलं की नाही. घरातलं तान्हंसुद्धा दूध नको असलं की नाक चुरगळतं. पोराने खांदे उडवले आणि साखर भुरभुरली.

"बिचारे," अमारुक टेबलाकडे जाता जाता म्हणाली, "यांना भुवया नुसत्या शोभेला दिल्यात."

तिने पहिला घास तोडला तशी चीजची तार हातभर निघाली, सीलच्या कातड्याची वादी ओढावी तशी. ती तार तिने बोटाला गुंडाळून तोंडात घातली. गोड, खारट, कुरकुरीत, चिकट, सगळं एकदम. डोळे मिटून ती चावत राहिली. मिआलीला वाटलं, हीच वेळ.

"आजोबा, तुम्हाला एक विचारायचं होतं."

अमारुकने डोकं वळवून कापसाचा कान पुढे केला. "काय? या कानाने ऐकू येत नाही."

"मग त्या कानाने ऐका."

"त्या कानाने खातेय."

खाण्याच्या चौकात खांबालगतच्या टेबलावर उत्तरेकडची माणसं बसतात, कोण कुठल्या गावचं असो. उपचाराला आलेली माणसं ज्या वसतिगृहात उतरतात तिथली निम्मी मंडळी दुपारी इथेच असतात. आज तिथे अर्वियात गावची म्हातारी ओलेपीका बसली होती. पुढ्यात चालायची चौकट, पायाशी तळलेल्या कोंबडीची दोन मोठी खोकी दोरीने बांधून ठेवलेली. उद्या तिचंही विमान होतं, आणि दक्षिणेहून हात हलवत घरी जायला कुणाला तोंड असतं? धावपट्टीवर माणसं आधी खोक्याकडे बघतात, मग तुमच्याकडे.

"अरे अमारुक!" म्हातारीने लांबूनच हाक मारली. तरुणपणी तिने खऱ्या अमारुकला पाहिलं होतं. खऱ्या म्हणजे पहिल्या. "बस इथे. माझी पांढऱ्या पायांची कुत्री नेलीस ती आणून दे आधी."

"ती म्हातारी झाली," अमारुकने शांतपणे सांगितलं. "तुझ्यासारखी."

ओलेपीका इतकी हसली की तिचे खालचे दात हातात यायची वेळ आली. "तस्साच आहे! तसूभर बदलला नाही मेला."

मिआलीने दोन पेले आणले. दुधाळ थंड चहा, तळाशी काळे मऊ गोळे आणि ते ओढायला बोटाएवढी जाड नळी. अमारुकने पेला उजेडात धरला. गोळे तिच्याकडे टकमक बघत होते.

"माशाचे डोळे!"

"साबुदाण्याचे गोळे आहेत ते."

"डोळेच आहेत." तिने एक ओढला, दाताखाली धरला, हळूच चिरडला. चेहरा उजळला. उकडलेल्या माशाचे डोळे घरात आजोबांचेच असत. लहानपणी मिआलीने एकदा चोरून एक खाल्ला होता, तर त्यांनी दुसराही तिलाच दिला. ती आठवण सांगायला तिने तोंड उघडलं.

"माहीत आहे," अमारुक म्हणाली. "आणि तुला काय विचारायचंय तेही माहीत आहे. सकाळी फोनवर तू केवढ्यांदा बोलत होतीस! अजून पोट भरलं नाही."

तिसऱ्या दुकानात एक मुलगी लोखंडी साच्यात माशाच्या आकाराचे गोड पाव भाजत होती. खवले, शेपूट, उघडं तोंड, आणि त्या तोंडात भरलेली पिवळी मलई. अमारुकने तो मासा तळव्यावर तोलला, पोट दाबलं, कल्ले चाचपले.

"हा कुणी पकडला?"

"मीच," दुकानातली मुलगी हसून म्हणाली.

"काटे कुठे आहेत?"

"नाहीत काटे."

"अगदीच बिनकष्टाचा मासा," अमारुक म्हणाली. तिने माशाचं डोकं मोडलं आणि गालाचा भाग मिआलीच्या हातावर ठेवला. घरीही गालाचं मांस मिआलीलाच मिळायचं. पहिल्या आजोबांपासूनची ती रीत होती. मिआलीने तो तुकडा तोंडात टाकला. मलई छान होती, मात्र पीठ आणखी थोडं मुरायला हवं होतं, तिच्या जिभेने आपसूक नोंद केली.

मग आइस्क्रीम आलं. थंडगार दगडावर दूध ओतून, खरवडून, त्याच्या सुरळ्या करत होते. अमारुक काचेपाशी उभी राहिली. पहिल्यांदाच तिची बडबड थांबली.

"तेच ना हे?" तिने विचारलं. "जे खिशात ठेवलं होतं?"

"तेच."

ही गोष्ट आई सांगायची, आणि आईला तिच्या बाबांनी सांगितलेली. इस्पितळात एका सणाला सगळ्या मुलांना एकेक वाटी आइस्क्रीम दिलं. आठ वर्षांच्या मुलाने एक चमचा खाल्ला. बर्फासारखं पांढरं, बर्फासारखं गार, आणि गोड! त्याच्या मनात आलं, असला बर्फ आईने कधी पाहिला नसेल. म्हणून उरलेलं त्याने कागदात बांधून झग्याच्या खिशात ठेवलं. घरी नेऊ, आईला देऊ. रात्री खिशातून दूध ठिबकायला लागलं तेव्हा परिचारिका रागावली. ती काय म्हणत होती ते त्याला कळलं नाही, पण कागद रिकामा झाला एवढं मात्र कळलं.

"आज इथेच खायचं," अमारुक म्हणाली. "खिशात काही ठेवायचं नाही." आणि तिने सगळ्या सुरळ्या एकटीने संपवल्या. मिआलीला चमचाही चाटू दिला नाही.

टेबलापाशी परत आल्यावर मिआलीचा धीर सुटला. संध्याकाळ उतरायला लागली होती. बेकरीची शाळा आता बंद होईल, सकाळी विमान, आणि ही बया मिटक्या मारतेय.

"अमारुक, पुरे झालं हं! सकाळपासून चरतेयस. हो तरी म्हण, नाहीतर नाही म्हण. मला काय ताटकळत ठेवतेस?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. ओलेपीकानेही मान वर करून पाहिलं. धाकटीवर कुणीही ओरडावं, पण आजोबांवर कुणी ओरडतं? त्यांच्या नावाच्या माणसाला घरात आजवर कुणी आवाज चढवून बोललं नव्हतं.

अमारुक रागावली नाही. कागदी रुमालाने तिने सावकाश तोंड पुसलं.

"तुझे आजोबा असं विचारल्यावर उत्तर द्यायचे?"

नव्हते देत. मिआली सहा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, मी कुत्र्यांची घसरगाडी हाकू? आजोबा काही बोलले नाहीत. दोर तिच्या हातात दिला आणि स्वतः मागे बसून तिच्या हातांकडे बघत राहिले. त्यांचं सगळं ऐकणं डोळ्यांनी चालायचं.

"सकाळपासून तू मला दुसऱ्यांच्या हातचं खायला घालतेयस," अमारुक म्हणाली. "याने तळलेलं, तिने भाजलेलं. शिकायला कोण जाणार आहे? ते?"

मिआली रिकामे पेले गोळा करायला लागली.

"पिशवीत डबा आहे ना?"

"कसला डबा?"

"कानात कापूस आहे, मिआली. नाकात नाही."

मिआलीने पिशवी उराशी धरली. परीक्षेत आपल्या मनाचं काहीतरी करा म्हणून सांगितलं होतं. इतरांनी साखरेची फुलं केली, थरांचे मनोरे रचले. तिने केला बॅनक. तंबूत स्टोव्हवर घडोघडी होतो तोच, तव्यावर फुलवलेला पिठाचा जाड पाव. फक्त छोटा, टिचभर, आणि पोटात साय आणि आईने बरणीत भरून दिलेली केशरी बेरी, दलदलीत वाकून वाकून वेचलेली. शाळेतले मास्तर खाऊन नुसते "हं" म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी तिची निवड झाली. काल तिने वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ते पुन्हा केले होते. बेत असा, की आजोबांनी हो म्हटलं की शेवटचा गोड घास म्हणून काढायचे. पण या लखलखत्या दुकानांपुढून चालताना डबा पिशवीच्या तळाशी तळाशी जात राहिला.

"लाज वाटली," ती म्हणाली.

"घरातल्या कुणी खाल्लेत हे?"

मिआलीने नाक चुरगळलं. नाही.

"म्हणजे पहिली शिकार." अमारुकचा आवाज खाली आला होता, आणि ओलेपीकाने चौकट सरकवून खुर्ची जवळ ओढली होती. "पहिली शिकार, आणि तू ती पिशवीत लपवलीस."

मिआलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पहिली शिकार लपवतात का कुणी? ती वाटतात. वडीलधाऱ्यांना आधी, मग जे समोर येईल त्याला. आणि ज्याने मारली त्याने त्यातलं कणभरही खायचं नसतं. सहाव्या वर्षी तिने बर्फातल्या भोकातून पहिला मासा ओढला तेव्हा आजोबांनी तो असाच घरोघर वाटला होता. शेपटीसाठी रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. आज त्याच रीतीची कुणी आठवण करून द्यावी, आणि तीही तोंडाला आइस्क्रीम लागलेल्या पोरीने!

तिने डबा काढला. झाकण उघडताच लोण्याचा, भाजल्या पिठाचा वास टेबलावर पसरला, आणि त्यासोबत बेरीचा आंबूस ओला वास. तळणीच्या, साखरेच्या त्या सगळ्या गलक्यात एकदम दलदलीवरचा वारा आल्यासारखं झालं.

अमारुकने वाटप हातात घेतलं. पहिला ओलेपीकाला. दोन पलीकडे बसलेल्या नौजात गावच्या नवराबायकोला. त्यांनी काही न विचारता घेतले. कशाबद्दल, ते त्यांना दिसतच होतं. एक तिने काडीवरच्या तळणीवाल्या पोराला नेऊन दिला. पोराने बावचळून घास घेतला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. नवलाने गेल्या की आवडलं म्हणून, कोण जाणे! अमारुकने होकारात धरलं.

"शिकला," ती परत येऊन म्हणाली.

एक तिने स्वतः खाल्ला. मिआली तिच्या तोंडाकडे बघत होती, पण त्या तोंडावर काहीच उमटलं नाही. आजोबांच्याही उमटायचं नाही.

सगळ्यांच्या नजरा ओलेपीकाकडे लागल्या. ती हळूहळू चावत होती. मधला भाग तिने बोटांनी उलगडून पाहिला, हुंगला.

"मध्ये जरा कच्चं राहिलंय," ती म्हणाली.

मिआलीचा चेहरा पडला.

"बेरी चांगली. हात चांगला. आच घाईची." म्हातारीने उरलेला तुकडा तोंडात टाकला, बोटं चाटली, आणि डब्यात डोकावून पाहिलं. "शिकायला पाहिजे हिने. एवढा हात असून कच्चं ठेवायचं म्हणजे काय? अरे अमारुक, तू काय बघत बसलायस? तुझी नात ना ही?"

डब्यात एकच उरला होता. मिआलीचा हात नकळत पुढे झाला. अमारुकने झाकण लावलं.

"तू नाही."

"मला माहीत आहे गं," मिआली म्हणाली आणि तिने हात मागे घेतला. मग अमारुक गुणगुणायला लागली. जिभेवर अजून आइस्क्रीम होतं, सूर घसरत होता. ते गाणं मिआलीचं होतं. आजोबांनी तिच्या एकटीसाठी रचलेलं, दुसऱ्या कुणाचं नाही. ते गेले त्यानंतर आई कधीमधी म्हणायची.

*इवल्या मुठीची गं, माझी मिआली मिआली,*
*पीठ सांडत सांडत गं, माझ्या तंबूत आली.*
*पांढरे हात, पांढरं नाक, पांढरी झाली वाट,*
*बर्फ पडला समजून हंस फिरले पाठोपाठ.*

दुकानांतल्या घंट्या वाजत होत्या, कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता.

"मला नेलं," अमारुक म्हणाली, "तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. जहाज आलं आणि नेलं. मला नाही विचारलं, माझ्या आईलाही नाही."

ती आजोबांसारखा आवाज काढत नव्हती. तिचाच आवाज होता, बारीक, एका कानाने ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा किंचित मोठा.

"तू विचारतेयस. मग ते तसं नाही होणार."

"म्हणजे?"

अमारुकने तिच्याकडे नीट पाहिलं. आधी तिचं नाक चुरगळलं, इतकं की डोळे बारीक झाले आणि त्यांच्या कडेला पाणी आलं.

"हे माझं," ती म्हणाली. "मला अजिबात नकोय. माझ्या वेण्या कोण घालणार? आईची वेणी सैल असते."

"अगं…"

"थांब ना. अजून आजोबांचं राहिलंय."

आणि तिने भुवया उचलल्या, सावकाश, डोळ्यातलं पाणी तसंच ठेवून, कपाळभर आठ्या चढेपर्यंत. साखर घालू का म्हणून विचारणाऱ्या पोरालाही या वेळी कळलं असतं.

मिआलीने तिला कोटासकट कवेत घेतलं. जांभळ्या कोटाला तळणीचा वास येत होता, आणि त्याच्याखाली लहान मुलाच्या डोक्याचा.

"दुखतोय कान," आजोबा आतून म्हणाले. "सोड."

कोंबडीच्या दुकानापुढे रांग मोठी होती. तिथेही उत्तरेकडचेच लोक निम्मे. मिआलीने सगळ्यात मोठं खोकं घेतलं, शेजाऱ्यांसाठी दुसरं, आणि डोनटचा एक पुडा. दोरी बांधायच्या आधी अमारुकने डब्यातला शेवटचा बॅनक कागदात गुंडाळून कोंबडीच्या खोक्यात एका कोपऱ्याला नीट बसवला.

"हा आईला. हा वितळत नाही."

मग त्यांनी घरी फोन लावला. तिकडे वादळ असावं; आईचा आवाज तुटत तुटत येत होता, आणि तान्हं अजून रडतच होतं की पुन्हा रडायला लागलं होतं, देव जाणे.

"विचारलंस?" आई म्हणाली.

"विचारलं. थांब, त्यांनाच देते."

अमारुकने फोन चांगल्या कानाला लावला.

"बाबा?" आईचा आवाज बाहेर मिआलीपर्यंत येत होता. "काय म्हणणं आहे तुमचं? जाऊ द्यायचं का पोरीला?"

अमारुकने भुवया उचलल्या.

"बाबा? ऐकताय ना?"

तिने आणखी उचलल्या.

"अहो आजोबा," मिआली कुजबुजली, "तिला दिसत नाहीये!"

अमारुकने हातानेच तिला गप्प बसवलं. फोनवर शांतता. वाऱ्याची घरघर, तान्ह्याचा हुंदका. मग आईने खोल श्वास घेतला. तो इतक्या लांबून, वादळातूनही ऐकू आला.

"बरं," ती म्हणाली. "कळलं. माझे बाबा फोनवर असेच गप्प बसायचे. नाही म्हणायचं असतं तर बोलले असते."

क्षणभर थांबून तिने नाक ओढलं.

"कोंबडी घेतली का?"